मेंढरांचा करार आणि अप्पांचं उपरणं

लोकर आणि किस्से, आमच्या ऑफिसात या दोन गोष्टी सारख्याच साठतात. कातरणी झाली की लोकरीची पोती येतात, जिन्याखाली रचली जातात, कुणी उचलत नाही. किश्श्यांचंही तसंच. गेल्या वर्षभरात इतके साठलेत, की एखाद्या दिवशी जिना चढताना माझा पाय त्यातच अडकायचा. आणि मी आधीच धांदरट! तेव्हा म्हटलं, चार पोती मोकळी करून टाकावीत.

आधी ऑफिस सांगते. यवतला हायवेच्या कडेला, पेंडीच्या दुकानाच्या वर, आमचा मेंढपाळांचा संघ. दौंड आणि शिरूर असे दोन तालुके, त्यांचा मिळून एक संघ, आणि त्या एका संघात दोन तट! अध्यक्ष अप्पा, दौंड तालुक्यातले. खांद्यावर कायम उपरणं. उपाध्यक्ष भाऊ, शिरूरचे. त्यांचा घोंगड्यांचा छोटा कारखाना आहे. आणि तिसरी मी. राज्यशास्त्रात एम. ए., त्यातही 'आंतरराष्ट्रीय करार' हा खास विषय. नोकरी मात्र लिपिकाची. इंग्रजी येतं म्हणून पुढे दुभाषी पण झाले. फोन वाजला तरी दचकते, म्हणून अप्पांनी माझं नाव ठेवलंय 'दचकी मॅडम'.

वर्षापूर्वी आपला देश आणि दुसरा एक देश यांच्यात व्यापार कराराची बोलणी सुरू झाली. त्या देशाचं नाव सांगत नाही, कारण गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. एवढं सांगते, की तिकडे मेंढरं पुष्कळ, आणि ते मटण गोठवून जहाजानं जगभर पाठवतात. आपल्याकडे ते त्यांना ड्युटी न भरता आणायचं होतं. आमच्या संघाला ते नको होतं. दिल्लीला आमचं म्हणणं ऐकायचं होतं, निदान ऐकल्यासारखं दाखवायचं तरी होतं.

आणि आमच्या दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. कधी?

दादांची ऐंशी मेंढरं आहेत. आमच्या भावकीत कळप ठेवणारे आता ते एकटेच. त्यांचा हिशेब सरळ होता. "आत्ताची कोकरं म्हातारी होईस्तवर येळ मिळाला, म्हंजी पाच वर्सं, तर मी बी तवर म्हातारा हुतोय. धाकटीचं नर्सिंग बी हुतंय. मग येऊ दे काय यायचं ते. पर त्याच्या आत बाहेरचं मटन येणार आसंल, तर मी आत्ताच बाजार दाखवतो समद्या मेंढरांना."

रोज संध्याकाळी मी घरी आले, की चप्पल काढायच्या आत विचारायचे, "काय ठरलं?"

"दादा, सांगता येत नाही."

"बापाला बी?"

"कागदावर सही आहे, दादा."

मग ते उठून मेंढरांकडे जायचे. ओरडले असते तर बरं झालं असतं!

*

दिल्लीचा पहिला फोन आला तेव्हा ऑफिसात मी एकटी. पलीकडून जाड आवाज, "हम दिल्ली से बोल रहे हैं..."

मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला! हल्ली फोनवर अटक करणारे भामटे असतात ना, मला वाटलं तेच. परत आला, परत ठेवला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा अप्पा जिना चढून आले होते. त्यांनी उचलला, दोन मिनिटं ऐकलं, आणि फोनवर हात ठेवून मला म्हणाले, "दिल्लीला दोनदा राँग नंबर म्हणणारी आख्ख्या जिल्ह्यात तू एकटीच आसशील."

बोलणी करणारे साहेब स्वतः फोनवर होते. अप्पांनी स्पीकर लावला. त्यांनी विचारलं, तुमच्या संघाची भूमिका काय?

अप्पा शांतपणे म्हणाले, "घरी इचारून सांगतो."

आमच्याकडे बैल विकायचा असो, मुलगी द्यायची असो, पहिलं उत्तर हेच. उत्तर तयार असलं तरी हेच. घरी विचारायला कुणी नसलं तरी हेच! समोरचा पण समजतो, चहा पितो, परत येतो. पण हे दिल्लीच्या साहेबांना सांगायचं कसं? माझ्या तोंडून घाबरून इंग्रजीत निघालं, "अध्यक्ष आधी सर्व सभासदांशी व्यापक सल्लामसलत करतील."

मग साहेब म्हणाले, "व्हेरी गुड. पंधरा दिवस घ्या."

फोन ठेवल्यावर अप्पांनी विचारलं, "मी एवढंसं बोललो, तू एवढं लांबडं काय बोललीस?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"त्याला कळलं?"

"पंधरा दिवस दिले."

पुढे महिनाभरानं साहेबांचा निरोप आला, की परदेशी मंडळींना नवा प्रस्ताव दिलाय, पण त्यांच्या मुख्य बाई म्हणतात आमच्या राजधानीत विचारून सांगते. हे ऐकून अप्पांनी पानाचा डबा उघडला. "मग त्यास्नी बी पंधरा दिवस द्या की! रीत हाय ती."

*

भूमिका ठरवायची म्हणून संघाची सभा ठेवली. दौंडवाले म्हणाले यवतला घ्या. शिरूरवाले म्हणाले शिरूरला घ्या. शेवटी मधे न्हावऱ्याला एका मंगल कार्यालयात घेतली. पण तिथेही नवरीकडच्या बाजूला कोण बसणार यावरून अर्धा तास गेला!

भाऊंचं म्हणणं वेगळं होतं. परदेशी मंडळींनी लोकर आणि मटण एकाच पानावर मांडलं होतं. घ्या तर दोन्ही घ्या. भाऊ उभे राहून म्हणाले, "आपली लोकर टोचती. बाहेरची मऊ लोकर बिनड्युटीची आली, तर माझे माग दिवसभर चालतील. पन्नास बायांना काम मिळंल. सह्या करा म्हणावं दिल्लीला!"

अप्पा जागेवरूनच म्हणाले, "भाऊ, लोकर आली की मागनं मटन आलंच. मेंढी एकच हाय!"

झालं! दोन्हीकडून खुर्च्या सरकल्या. मी प्रोसिडिंगचं रजिस्टर छातीशी धरून खांबामागे. सभा कशी संपली ते रजिस्टरात नाही, कारण मी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. "पत्र टाइप कर. संघाचा विरोध हाय. भाऊला सांगू नको." दुपारी भाऊ आले. "ताई, एक पत्र टाइप करा. संघाचा पाठिंबा हाय. अप्पांना सांगू नका."

दोघांच्या मधे माझा जीव! जिन्यावर पाय वाजला की मी एक पत्र दुसऱ्याखाली सरकवायची. संध्याकाळी कुरिअरवाला खालून हाका मारायला लागला आणि त्या घाईत दोन्ही पत्रं एकाच पाकिटात गेली.

चार दिवसांनी साहेबांचा फोन. "तुमच्या संघाचं पाकीट मिळालं. एका पत्रात विरोध आहे, एकात पाठिंबा. लेटरहेड एकच, तारीख एकच."

मला रडूच फुटलं. म्हटलं, सर, माझी चूक आहे, नोकरी गेली तरी चालेल.

"कशाला जाईल?" साहेब म्हणाले. "विरोधाचं पत्र मी समोरच्यांना दाखवतो. म्हणतो, बघा, घरचे ऐकत नाहीत, माझा नाइलाज आहे. पाठिंब्याचं खिशात ठेवतो. उद्या सही करावी लागलीच, तर घरच्यांना दाखवतो. म्हणतो, बघा, तुम्हीच म्हणत होता."

हे मी अप्पांना जसंच्या तसं सांगितलं. अप्पांनी पान जुळवून तोंडात घातलं. मग म्हणाले, "ह्यो मानूस दिल्लीत वाया गेला. बाजारात पायजे हुता."

*

मग एकदा साहेबांनीच सुचवलं, "थोडा विरोध दिखना चाहिए. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. फोटो येईल एवढाच. ज्यादा नहीं."

अप्पांनी मला सांगितलं, "इचार त्याला, किती मेंढरांचा इरोध पायजे?"

मी विचारलं. तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग हळूच उत्तर आलं, "दोनशे?"

ठरलं. हायवेवर दहा मिनिटं रास्ता रोको, फोटो, निवेदन, चहा. ऐंशी मेंढरं दादांची, बाकीची दोघा-तिघांची. थंडीचे दिवस, सकाळची वेळ. डांबराला नुकतं ऊन लागलेलं. माणसं घोषणा देत बसली, आणि त्यांचं बघून मेंढरंही बसली. पाय पोटाखाली घेऊन, डोळे मिटून, चांगली ऐसपैस!

दहा मिनिटं झाली. माणसं उठली. मेंढरं उठेनात.

मागे ट्रकांची रांग गेली नजरेपलीकडे. फौजदार थेट माझ्याकडे, कारण फाइल माझ्या हातात. "परवानगी कुणाच्या नावावर?" मी म्हटलं, "मी लिपिक आहे." "आयोजक कोण?" "मी लिपिक आहे." "मॅडम, ही मेंढरं कुणाची?" आणि माझ्या तोंडून निघालं, "माझे वडील आहेत ते!"

तेवढ्यात मागून अँब्युलन्सचा भोंगा. दादा पळत आले, पुढच्या मेंढीचा कान धरून तिला उभी केली, तोंडानं एक बारीक आवाज काढला, आणि त्यांची ऐंशी झर्रकन उठून बाजूला. एका बाजूची वाट मोकळी, अँब्युलन्स निघून गेली. पण बाकीची? दादा म्हणाले, "दुसऱ्याची मेंढरं माझ्या आवाजाला उठत न्हाईत. धन्याला बोलवा." धनी चहाला गेलेले!

साहेबांनी टीव्हीवर पाहिलं असणार. फोन आला तोच ओरडत. "बस हो गया! उठवा! इतका नको होता!"

अप्पांनी फोन घेतला. "साहेब, मानसं कवाच उठलीत. मेंढरांस्नी अजून दिल्लीचा निरोप पोचला न्हाई."

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बैठकीत तो फोटो टेबलावर ठेवला. समोरच्या मुख्य बाईंनी तो नीट पाहिला, आपली बॅग उघडली आणि दुसरा फोटो त्याच्याशेजारी ठेवला. त्यांच्या संसदेसमोर त्यांचे मेंढीवाले ट्रॅक्टर लावून बसलेले. करार आत्ताच करा म्हणून! साहेब हे फोनवर सांगत होते आणि अप्पा मान डोलवत होते.

"म्हंजी त्यांच्याकडं बी एक अप्पा हाय म्हणायचा."

*

त्या मुख्य बाईंना पहिल्यांदा पाहिलं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर. बाधित मंडळींशी थेट बोलायचं होतं त्यांना. एका चौकोनात साहेब, एका चौकोनात बाई, एकात अप्पा आणि अर्धी मी.

सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात दार ढकलून दादा आत. मी डबा विसरले होते, तो घेऊन आलेले. भाकरीचं फडकं हातात, थेट कॅमेऱ्यासमोर!

बाईंनी विचारलं, हे कोण? मी तोंड उघडायच्या आत अप्पा म्हणाले, "ह्यो हिचा बाप. मेंढरंवाला. काय इचारायचं ते ह्यालाच इचारा."

आता माझ्या वडिलांचं बोलणं मला सांगायचं होतं! बाई हसून म्हणाल्या, माझा भाऊही मेंढ्या पाळतो. मी सांगितलं. दादा खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच पडद्याकडे बघत म्हणाले, "बाई, तुमच्या भावाची मेंढरं हितं आली, तर माझी कुठं जायची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब सुद्धा. वाक्य काही अवघड नव्हतं. पहिलीतल्या मुलानं केलं असतं त्याचं इंग्रजी. पण मला वाटलं, हे मी बोलले तर साहेब म्हणतील, लिपिकबाई आपल्या घरचं गाऱ्हाणं घालतात. आणि मी म्हटलं, "वडील म्हणतात, तुमच्या भावाचं इथे स्वागत आहे."

बाईंनी छातीवर हात ठेवला. डोळ्यात पाणीच आलं त्यांच्या! म्हणाल्या, "भावाला मेंढ्या सोडून निघता यायचं नाही. पण मी येईन. हे साहेब आम्हाला कायम सांगतात, आमचे मेंढपाळ, आमचे मेंढपाळ. मला ते एकदा बघायचेच आहेत."

साहेबांचा चौकोन एकदम स्तब्ध झाला. मला आधी वाटलं रेंज गेली.

दादांनी विचारलं, "काय म्हणली?"

"येते म्हणाल्या."

"मेंढरं घेऊन?"

"नाही, दादा. एकट्याच."

*

हा किस्सा हसायचा नाही. पण हा गाळला तर पुढचे दोन कळणार नाहीत.

बोलणी कुठे अडली होती ते पेपरात येत होतं, म्हणून लिहायला हरकत नाही. मटणावरची ड्युटी किती वर्षांनी काढायची? बाई म्हणत दोन. आपले म्हणत दहा. दोघांनाही आपापल्या घरी निवडणूक होती, त्यामुळे जागचं हलायची दोघांनाही चोरी.

बाई यायच्या होत्या त्या दिवशी सकाळीच पेपरात बातमी, 'दोन वर्षांवर एकमत?' पुढे प्रश्नचिन्ह होतं. पण आमच्याकडे प्रश्नचिन्ह कोण वाचतं!

मी वेणी घालत होते. दादा पेपर घेऊन दारात उभे.

"खरं हाय का?"

खरं नव्हतं. आदल्या दिवशीच साहेबांशी बोलणं झालं होतं, काहीही ठरलेलं नाही म्हणून. मला माहीत होतं. ओठावर आलं होतं. आणि डोळ्यासमोर तो कागद, त्यावरची माझी सही.

"दादा, सांगता येत नाही."

"सांगू नको. निस्तं न्हाई म्हण. मान हालव. तेवढं बास हाय."

माझी मान हलली नाही. हातातला कंगवा खाली पडला, त्याच्या आवाजानं मीच दचकले.

दादांनी पेपराची घडी घातली. अंगणात जाऊन टेम्पोवाल्याला फोन लावला. "आजच्या बाजाराला चल. समदी हायत. व्हय, समदी."

*

बाईंना आधी शिरूर दाखवायचं, मग यवत, असं भाऊंनी भांडून ठरवून घेतलं होतं. मी सकाळच्या गाडीनं शिरूर गाठलं, पण डोकं सगळं टेम्पोत.

भाऊंनी कारखाना सजवला होता. बाईंनी मागावरची लोकर हातात घेतली आणि चार शिंका दिल्या. भाऊ मला म्हणाले, "सांगा त्यास्नी, ह्यासाठीच मऊ लोकर पायजे!" मग त्यांनी एक काळीभोर घोंगडी बाईंच्या खांद्यावर घातली. फोटो झाले. बाईंनी घोंगडी काढून, नीट घडी करून परत दिली. म्हणाल्या, आमच्याकडे निवडणूक आहे, मला कुणाची भेट घेता येत नाही, उद्या पेपरात येईल.

भाऊंचा चेहरा पडला. घातलेली घोंगडी परत घ्यायची नसते! त्यांनी ती साहेबांना दिली. साहेब दोन पावलं मागे सरले. "आमच्याकडे पण निवडणूक आहे."

शेवटी ती घोंगडी गाडीत कुणाचीच नाही म्हणून ठेवली. गाडीत एका बाजूला बाई, एका बाजूला साहेब, मधे मी, आणि माझ्याखाली ती. अंगाखाली टोचतेय, पण हलायची सोय नाही! मागच्या सीटवर दोन्हीकडची दोन माणसं, वह्या उघडून. इकडे कुणी काही बोललं, की मागे दोन पेनं चालायची.

न्हावऱ्याच्या पुढे साहेब म्हणाले, "मॅडम, दहा." मागे खरखर. 

बाई खिडकीबाहेरच्या उसाकडे बघत म्हणाल्या, "दोन." मागे खरखर.

चौफुल्यापर्यंत एवढंच. दहा, दोन, खरखर. लहान मुलांना कोपऱ्यात उभं केल्यासारखी दोघांची तोंडं.

घोंगडी अजून ऑफिसात माझ्या खुर्चीवर आहे. रजिस्टरला कुणाच्या नावावर लावायची, ते अजून ठरायचंय.

*

यवतच्या बाजारात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. टेम्पोंच्या रांगा, धूळ, मेंढरांची बें-बें, आरडाओरडा. मी उतरले ती दादांना शोधत. तिसऱ्या रांगेत आमचा टेम्पो. मागचं फाळकं अर्धं पाडलेलं, आत सगळी ऐंशी. समोर एक जाडजूड व्यापारी, मेंढीच्या पाठीवर बोटं दाबून बघत असलेला. त्यानं दादांसमोर हात पुढे केला. दादांनी अजून दिला नव्हता.

इथून ओरडून 'खोटं आहे ते' म्हणावं, तर पाठीमागे साहेब, बाई, दोन वह्या आणि पाच-सहा पत्रकार.

अप्पा पुढे होऊन बाजार दाखवत होते. एका ठिकाणी दोघे जण एकमेकांचे हात धरून उभे, हातांवर कापड. तोंडातून अक्षर नाही, नुसती बोटं चाललेली.

बाईंनी विचारलं, "हे काय करतायत?"

अप्पा म्हणाले, "सौदा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पंजा धरला तर पाच. तोंडानं आकडा काढला की गावभर हुतो. मग इकनाऱ्याची बायको म्हणती, एवढ्यालाच का दिला? घेनाऱ्याची भावकी म्हणती, एवढ्याला का घेतला? दोघांची बी घरं पेटत्यात आन् सौदा मोडतो. बोटं कुनाला जाऊन सांगत न्हाईत."

हे मी एकही शब्द न बदलता इंग्रजीत सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा!

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

एक फोटोग्राफर ओरडला, "साहेब, तुमचा दोघांचा असा एक होऊन जाऊ द्या!" सगळे हसले. बाईंनी हसत हात पुढे केला. साहेबांनी हसत हातात हात दिला. अप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढून वर पसरलं. तेवढ्यात हायवेकडून वाऱ्याची झुळूक आली आणि एक कोपरा उडाला. गर्दी बघून दादाही जवळ येऊन उभे होते. बाजारात उपरणं उडालं की जो जवळ असेल तो कोपरा धरतो, तसा त्यांनी पुढे होऊन धरला. व्यापारी हात पसरून तिथेच.

फोटो निघाले. चार, पाच, दहा. फोटोग्राफर म्हणाला, "झालं साहेब, थँक्यू!"

हात बाहेर आले नाहीत.

लोक हसायचे थांबले. बाईंच्या भुवया एकदा वर गेल्या. साहेबांनी बारीक मान हलवली, नाही अशी. उपरण्याखाली काहीतरी सरकलं. आता बाईंनी मान हलवली. अप्पा आभाळाकडे बघत होते. दादा आपल्या हातातल्या कोपऱ्याकडे. मागच्या दोन्ही वह्या उघड्या, दोन्ही पेनं वर, आणि लिहायला काही नाही! आपल्याकडचा वहीवाला माझ्या कानाशी येऊन घाईनं म्हणाला, "मॅडम, क्या चल रहा है?"

"सांगता येत नाही," मी म्हटलं. वर्षभरात पहिल्यांदा खरं बोलले.

मागे एक मेंढी ओरडली आणि मी एवढी दचकले, की फाइल पडली. कागद गोळा करून मान वर केली, तोवर हात सुटले होते. साहेब चष्मा पुसत होते. बाई बोटं उघडझाप करून बघत होत्या, चुरगळल्यासारखी. अप्पांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं.

पत्रकार धावले. साहेब म्हणाले, "इथे कोणतीही चर्चा झालेली नाही." बाईंनीही तेच वाक्य, तसंच्या तसं, इंग्रजीत. दोन्ही पेनांनी ते लिहून घेतलं. मग दारं लागली आणि गाड्या पुण्याच्या दिशेनं गेल्या.

मी धुळीतून तशीच दादांकडे गेले. ते टेम्पोजवळ परत आले होते. व्यापारी म्हणत होता, "मालक, काय ते एकदाचं बोला. माझ्या हाताला मुंग्या आल्या!"

"दादा," मी दम खात विचारलं, "तुम्ही कोपरा धरला होता. खालचं दिसलं ना तुम्हाला? काय ठरलं?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"सांगता येत न्हाई."

"लेकीला पण?"

"कागदावर सही न्हाई माझी," दादा म्हणाले, "पर कोपरा धरलाय."

आणि त्यांनी अर्धं पाडलेलं फाळकं खांद्यानं वर ढकललं आणि साखळी अडकवली.